घराची साखळी कुठे तुटते?



मी वकील नाही. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. गेल्या वर्षी कोंढव्यात एक जुना, म्हणजे फेरविक्रीचा, टू बीएचके फ्लॅट घेतला. व्यवहार साठ लाखांचा. विसार दिल्यापासून किल्ली हातात येईपर्यंत जवळजवळ दहा महिने गेले. त्या दहा महिन्यांत मला जे कळलं ते आपल्या घरांत कुणी कुणाला सांगत नाही, म्हणून आज उभा आहे.

आधी एक प्रश्न विचारतो. तुमच्यापैकी किती जणांचं राहतं घर आजोबांच्या किंवा दादांच्या नावावर आहे? हात वर करा. आणि त्यातले किती जण आज हयात नाहीत? बघा, हात फारसे खाली आले नाहीत.

टायटल म्हणजे काय, इथून सुरू करू. आपल्याला वाटतं की सरकारकडे कुठेतरी एक वही आहे आणि तिच्यात ‘या घराचा मालक अमुक’ असं लिहिलेलं आहे. तशी वही नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्तांची नोंद होते, मालकीची नाही. कुणी कुणाला काय लिहून दिलं, कधी दिलं, किती रकमेला दिलं, एवढंच तिथे नोंदलं जातं. लिहून देणारा खरोखर मालक होता का, हे ठरवणं त्या अधिकाऱ्याचं काम नाही. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या एका प्रकरणात हेच पुन्हा स्पष्ट केलं. बँकेच्या पासबुकात व्यवहार असतात आणि शेवटी शिल्लक छापलेली असते. सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, त्यात फक्त व्यवहार आहेत. शिल्लक आपणच काढायची. बिल्डरनं पहिल्याला विकलं, पहिल्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं बँकेकडे गहाण ठेवलं, मग सोडवलं, अशी एकेक कडी जोडत यायचं. शेवटच्या कडीला जो उभा असेल तो मालक, आणि तोही मधली एकही कडी तुटलेली नसेल तर.

सातबारा, मालमत्ता पत्रक, घरपट्टीची पावती, लाइट बिल यांतला एकही कागद एकट्यानं मालकी सिद्ध करत नाही. सातबारा आणि फेरफार मुळात महसुलासाठी आहेत. घरपट्टी तर महापालिका कुणाकडूनही आनंदानं घेते.

माझ्या ऑफिसातले काही सहकारी अमेरिकेत स्थायिक झालेत. तिथे घर घेताना टायटल कंपनी मध्ये असते. ती जुने कागद तपासते, मालकीचा विमा देते, आणि सगळ्या सह्या होईपर्यंत पैसे बहुधा तिसऱ्याच्या ताब्यात राहतात. आपल्याकडे फेरविक्रीच्या साध्या फ्लॅटला असा विमा कुणी घेत नाही. आपला विमा म्हणजे आपला वकील आणि त्याचा शोध अहवाल. साधारण तीस वर्षांचा शोध घेतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, मुंबईचं १९८५ पासूनचं आणि उरलेल्या महाराष्ट्राचं २००२ पासूनचं पाहता येतं. त्यामागचं कार्यालयात जाऊन पाहावं लागतं.

इथे आपल्या नावांची गंमत सांगतो. मुहम्मद, महंमद, महम्मद, मोहम्मद, मोहंमद. एकाच माणसाच्या दाखल्यावर एक, पॅनवर दुसरं, दस्तात तिसरं. कुठे शेख आधी, कुठे शेख शेवटी. आमच्या भाषेत सांगायचं तर या डेटाबेसला प्रायमरी की नाही. नावानं शोधलं तर भलत्याच पन्नास शेखांचे व्यवहार समोर येतात, आणि हवा तोच सापडत नाही. म्हणून शोध नेहमी सर्वे नंबर, सिटी सर्वे नंबर, इमारत आणि फ्लॅट क्रमांकावरून घ्यायचा. आणि घरी गेल्यावर अब्बा-अम्मींचे आधार, पॅन आणि घराचा दस्त शेजारी ठेवून स्पेलिंग बघा. ते हयात असताना प्रतिज्ञापत्र करून घेणं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता माझ्या फ्लॅटची साखळी. बिल्डरनं १९९८ साली पहिल्या खरेदीदाराला दिला, त्यानं २००३ साली एका गृहस्थांना. दोन्ही दस्त नोंदणीकृत, मूळ प्रती जागेवर. ते गृहस्थ २००९ साली वारले. सोसायटीत त्यांनी थोरल्या मुलाला नॉमिनी केलं होतं. सोसायटीनं शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर केलं. पुढची पंधरा वर्षं तोच मेंटेनन्स भरत होता, तोच सभांना जात होता. मला फ्लॅट दाखवला त्यानंच, विसार पावतीवर सही त्याचीच. सगळी सोसायटी त्याला मालक म्हणत होती.

आमच्या वकील मॅडमनी फाइल चाळली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “वडिलांच्या मागे कोण कोण होतं?”

नॉमिनी हा मालक नसतो. सोसायटीनं व्यवहार कुणाशी करायचा, एवढ्यापुरता तो असतो. वारसांचे हक्क त्यानं बुडत नाहीत, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे, आणि महाराष्ट्रानं २०१९ साली सहकारी संस्था कायद्यात केलेल्या दुरुस्तीतही नॉमिनीला तात्पुरता सभासद असंच म्हटलं आहे. तरीही आपल्यात ‘नॉमिनी लावलाय, म्हणजे घर त्याचं’ हा समज इतका पक्का आहे की शिकलेली माणसंही त्यावर निर्धास्त असतात.

त्या गृहस्थांचे आईवडील आधीच गेले होते. मागे पत्नी, दोन मुलगे, दोन मुली. आपल्यातल्या बहुतेकांना लागू असलेल्या सुन्नी नियमांप्रमाणे पत्नीला एक अष्टमांश. उरलेल्या सात अष्टमांशात मुलाला दोन वाटे, मुलीला एक. घराचे अठ्ठेचाळीस भाग केले तर आईचे सहा, प्रत्येक मुलाचे चौदा, प्रत्येक मुलीचे सात. साठ लाखांत आईचे साडेसात लाख, मुलांचे साडेसतरा-साडेसतरा, मुलींचे पावणेनऊ-पावणेनऊ.

यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट वेगळीच आहे. आपल्या कायद्यात एकत्र कुटुंबाची मालमत्ता नाही, जन्मानं मिळणारा हक्क नाही. पण माणूस ज्या क्षणी जातो त्या क्षणी त्याची मालकी तुकड्यांत वाटली जाते. कुणी अर्ज करायची, वाटणी व्हायची वाट कायदा पाहत नाही. दफनविधी व्हायच्या आधीच त्या घराला पाच मालक झालेले असतात, आणि सरकारच्या एकाही वहीत त्याची नोंद नसते. विक्रीचा दस्त आपोआप सूची दोनमध्ये चढतो. मृत्यू चढत नाही. आपल्या घरांची साखळी बहुतेक वेळा इथेच तुटते.

मी हे त्या थोरल्या भावाला सांगितलं तेव्हा तो रागावला नाही. तो मनापासून म्हणाला, “भाई, बहिणींनी कधीच माफ केलंय. अब्बांच्या चाळिसाव्यालाच म्हणाल्या, आम्हाला काही नको.”

हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. कदाचित तुमच्या फुफींच्या बाबतीत ऐकलं असेल. कायद्याच्या बाजूनं त्याची किंमत सांगतो. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेतला हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र लिहून १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावं लागतं. तोंडी ‘माफ केलं’ म्हटल्यानं हिस्सा भावाकडे जात नाही. वडील जिवंत असताना मुलीकडून ‘मला पुढे काही नको’ असं लिहून घेतलं असेल तर त्याला तर सहसा काहीच अर्थ नसतो, कारण तेव्हा तिच्याकडे सोडायला हक्कच नव्हता. आणि इतकी वर्षं झाली म्हणून हिस्सा बुडाला, असंही नाही. एका वारसाचा ताबा हा सर्वसाधारणपणे सगळ्या वारसांच्या वतीनं धरला जातो. म्हणजे भावानं एकट्यानं खरेदीखत करून दिलं असतं तर मी साठ लाखांत अठ्ठेचाळीसपैकी चौदा भाग विकत घेतले असते.

बहिणीनं खुशीनं सोडलं तर माझी काही हरकत नाही, तो तिचा अधिकार. पण आकडा माहीत असल्याशिवाय खुशी कसली? मसुद्यात वकील मॅडमनी प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम लिहिली आणि तो सगळ्यांना पाठवला. गुलबर्ग्याला दिलेली थोरली बहीण आधी फोनवर ‘मला नको’ म्हणाली होती. पावणेनऊ लाख हा आकडा वाचल्यावर तिचा पुन्हा फोन आला, “मला थोडा विचार करू द्या.” चार दिवसांनी तिनं कळवलं की ती सहीला येईल आणि पैसे घेईल. तिच्याकडे पॅन कार्ड नव्हतं, ते काढावं लागलं. पन्नास लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदारानं एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, विकणारे अनेक असले तरी एकूण रक्कम बघतात आणि प्रत्येकाच्या नावे वेगळा फॉर्म भरायचा असतो. पॅन नसेल तर तोच दर थेट वीस टक्के होतो.

धाकटी बहीण २०१६ साली वारली होती. इथे गुंता वाढतो. वडील आधी गेले, ती नंतर. म्हणजे तिचा हिस्सा तिला मिळून चुकला होता, आता तो तिच्या वारसांचा. नवरा, दोन मुलं, आणि हो, तिची आईसुद्धा, एक षष्ठांशाची. दोन मुलांपैकी एक पंधरा वर्षांचा. अज्ञानाचा हिस्सा विकायचा तर बँक आणि आमच्या मॅडम दोघांनीही जिल्हा न्यायालयाची परवानगी मागितली. त्यातच सात-आठ महिने गेले. मुलाचे पैसे न्यायालयाच्या आदेशानं तो सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहिले.

या निमित्तानं एक गोष्ट कळली, ती इथल्या मुलींनी तरी नीट ऐकावी. बाप मेला आणि मुलं लहान असली तर आपल्या वैयक्तिक कायद्यात आई त्यांच्या मालमत्तेची पालक आपोआप होत नाही. मुलांचा सांभाळ तिच्याकडे, पण त्यांच्या हिश्शाचं घर विकायचा अधिकार तिला नाही. १९१८ साली प्रिव्ही कौन्सिलनं हे ठरवून टाकलं, ते आजवर चालू आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून नेमणूक घेतल्याशिवाय तिनं केलेली विक्री टिकत नाही. तरुण विधवेला पैशाची सगळ्यात जास्त निकड असते तेव्हाच ही भिंत समोर येते, आणि अशा वेळी एखादा दीर ‘मी बघतो’ म्हणत पुढे येतो.

दुसरा भाऊ दम्मामला. त्याला रजा मिळेना. त्यानं भारतीय दूतावासामार्फत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र पाठवलं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. अनिवासी विक्रेत्याच्या हिश्शाला एक टक्क्याचा नियम लागत नाही, कपात बरीच जास्त असते, तिथे सीएला विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आखातातल्या भावांचे व्यवहार आपल्यात घरोघर आहेत, म्हणून मुद्दाम सांगतोय.

कुलमुखत्यारपत्राचा विषय निघालाच आहे तर नोटरीबद्दलही बोलतो. आपल्या कितीतरी वस्त्यांत घरं स्टॅम्प पेपरवर नोटरी करून विकली जातात. पैसे पूर्ण, ताबा पूर्ण, कागद मात्र तेवढाच. नोटरी फक्त सही कुणाची हे पाहतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे विक्रीचा नुसता करार मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण करत नाही, आणि मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीनं मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली सुरज लॅम्प प्रकरणात सांगितलं. लोक मूर्ख आहेत म्हणून असं घेत नाहीत. जमीन गुंठेवारीची असते, नोंदणी होत नसते, आणि दुसऱ्या भागात घर दाखवताना दलाल नाव विचारून गप्प होतो. पण मग तो व्यवहार घराचा नसून ताब्याचा आहे हे समजून पैसे द्या, घराची किंमत मोजू नका. जागा वक्फची आहे का, हेही वक्फ मंडळाच्या नोंदीत पाहून घ्या. वक्फची जागा विकता येत नाही, विकणारा कितीही पाच वक्ताचा नमाजी असला तरी.

आणखी एक निरीक्षण. आपल्यातले बरेच तरुण व्याज नको म्हणून बँकेचं कर्ज घेत नाहीत. नातेवाइकांकडून उभं करतात, सोनं विकतात. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण कर्ज घेणाऱ्याच्या घराचे कागद बँकेचा वकील तपासतो, कारण बँकेला स्वतःच्या पैशाची काळजी असते. कर्ज न घेणाऱ्याच्या वाटेत तो वकील येतच नाही. त्यामुळे रोखीनं घर घेणाऱ्यानं स्वतःचा वकील लावायला हवा, आणि तो विकणाऱ्यानं किंवा दलालानं सुचवलेला नको. जाहीर नोटीस द्या, पण तिच्यावर विसंबू नका. गुलबर्ग्याची बहीण पुण्याचा पेपर वाचत नाही.

प्रत्यक्ष नोंदणीचा दिवस मात्र अगदी साधा असतो. मुद्रांक शुल्क आधीच ऑनलाइन भरलेलं. पुण्यात सगळे अधिभार धरून आम्हाला सात टक्के सांगितले, आणि घर बाईच्या नावावर असेल तर सहा. कराराची रक्कम आणि सरकारी बाजारमूल्य यांतलं जे जास्त असेल त्यावर हा हिशेब होतो. आम्ही घर बायकोच्या नावावर घेतलं, साठ हजार वाचले. मित्रांनी चेष्टा केली, त्यांना साठ हजारांचा आकडा सांगितला की चेष्टा थांबायची. नोंदणी फी तीस हजार. कार्यालयात टोकन, फोटो, अंगठे, ओळख पटवणारे दोन साक्षीदार, स्कॅनिंग. सही केल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करायचा असतो, आम्ही त्याच दिवशी केला. पैसे प्रत्येक वारसाच्या स्वतःच्या खात्यात, डीडी त्याच्या त्याच्या नावाचा. ‘सगळे माझ्या खात्यात टाका, मी वाटतो’ हे मी नम्रपणे नाकारलं. आई व्हीलचेअरवर आली होती. तिचा अंगठा मशीन घेईना, चौथ्या वेळी उठला.

आता, घर विकायचं नसेल तर हे सगळं कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण हे काम जितकं लांबेल तितके वारस वाढतात. २००९ साली पाच सह्या पुरल्या असत्या. माझ्या वेळी सात वारस झाले होते. घरात मयत झालं की चाळिसाव्याला सगळे जमतात. त्याच दिवशी मृत्यूचा दाखला, मूळ दस्त आणि सगळ्यांची आधार-पॅन समोर ठेवा. सोसायटीला सर्व वारसांची नावं कळवा. जमीन असेल तर तलाठ्याकडे वारस नोंद करा. कुणी वारस नाकारत असेल तर दिवाणी न्यायालयातून १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस दाखला मिळतो. वकील कधी कधी घाईत सक्सेशन सर्टिफिकेट सुचवतात, ते येणी, ठेवी आणि शेअर्ससाठी असतं, घरासाठी नाही.

आणि ज्यांचे अब्बा हयात आहेत आणि मुलींना मुलांइतकंच द्यावं असं त्यांच्या मनात आहे, त्यांना मार्ग आहे. हयातीत हिबा करता येतो, कितीही, कुणालाही. देतो म्हणणं, घेतो म्हणणं आणि ताबा देणं, या तीन गोष्टी हव्यात. कायद्यानं तो तोंडीही चालतो, पण पुढे बँक आणि खरेदीदार कागद मागतात, म्हणून बक्षीसपत्र लिहून नोंदवाच. मुलांना दिलेल्या राहत्या घराला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. ‘मी गेल्यावर हे तुझं’ म्हटलं तर तो हिबा राहत नाही, वसियत होते, आणि वसियत एक तृतीयांशापुरतीच चालते, तीही वारसाला द्यायची तर बाकीच्यांची संमती लागते. ज्यांनी स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न केलंय त्यांच्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, त्यात मुलगा-मुलगी समान आहेत.

माझ्या फ्लॅटचं अजून थोडं बाकी आहे. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बायकोच्या नावावर झालं, लाइट बिलही झालं. घरपट्टीवर अजून २००९ साली गेलेल्या त्या गृहस्थांचंच नाव छापून येतं, अर्ज दिलाय. मी तासभर इथेच आहे. ज्यांनी सोबत घराचे कागद आणलेत त्यांनी या टेबलापाशी या, आधी सूची दोन बाहेर काढा.